पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धबधब्यापर्यंत चालत जाताना: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सह्याद्रीतला धबधबा पाहायला पहिल्यांदाच निघालेल्या माणसाचे सगळे लक्ष धबधब्याकडे असते. धोका मात्र बहुतेक वेळा त्याच्या बराच अलीकडे, वाटेत आडव्या येणाऱ्या ओढ्यात असतो. सकाळी घोटाभर पाण्यातून सहज ओलांडलेला ओढा दुपारी परतताना मांडीपर्यंत चढलेला असतो, पलीकडे गाव दिसत असते आणि जाता येत नाही. घाटमाथ्यावर आणि कोकणात उतरणाऱ्या वाटांवर बरेच पावसाळे हिंडल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे, की धबधब्याच्या ट्रेकची तयारी म्हणजे मुख्यतः पाणी ओळखण्याची तयारी. ते कुठून येते, किती वेळात चढते आणि आपण त्याच्या कोणत्या बाजूला अडकू शकतो, हे निघण्यापूर्वी सांगता आले पाहिजे. दोरीच्या साहाय्याने धबधब्यातून उतरण्याचा प्रकार वेगळा आहे. तो प्रशिक्षित आयोजकांशिवाय करू नये आणि त्याची माहिती या लेखात घेतलेली नाही.

१. आधी महिना ठरवा, मग धबधबा

बहुतेक जण उलट करतात. कुठला तरी व्हिडिओ पाहून धबधबा ठरतो आणि जुलैतला पहिला मोकळा रविवार पकडून मंडळी निघतात. जुलै आणि ऑगस्ट हे घाटमाथ्यावर सर्वाधिक पावसाचे महिने आहेत. या काळात धबधबे सर्वांत मोठे असतात हे खरे; पण ओढे बेभरवशाचे, वाटा चिखलाच्या आणि धुके इतके दाट असते, की ज्याच्यासाठी चार तास चाललो तो धबधबा समोर असूनही केवळ ऐकू येतो. पहिल्या ट्रेकसाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. पाऊस ओसरलेला असतो, ओढ्यांचे पाणी निवळलेले असते, वाट पायाला धरते, पठारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो आणि कुंडाचा तळ दिसतो. या दिवसांत एकच पथ्य पाळावे लागते: दुपारनंतर विजांसह वळवासारखा पाऊस येतो, म्हणून उघड्या पठारावरून दुपारपूर्वी खाली उतरलेले असावे. दिवाळीनंतर मात्र फार उशीर झालेला असतो, कारण इथले ओढे आखूड आहेत आणि बरेचसे धबधबे झपाट्याने आटतात.

महिना ठरल्यावर धबधब्याचा प्रकार पाहा. रस्त्यालगतचे किंवा पायऱ्या-कठडे असलेले धबधबे हा पहिला प्रकार. साताऱ्याजवळचे ठोसेघर, आंबोली घाटातला मुख्य धबधबा ही त्याची उदाहरणे. पावसाळ्यातले चालणे कसे असते याची ओळख नसेल, तर इथून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही. दुसरा प्रकार पायथ्याच्या गावातून जंगलातून चालत धबधब्याच्या तळाशी जाण्याचा. रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावातून देवकुंडाला जाणारी वाट या प्रकारची आहे: आधी धरणाच्या जलाशयाच्या कडेने, मग दाट झाडीतून आणि मध्ये ओढे ओलांडत. माळशेज घाटाच्या पायथ्याकडून काळू धबधब्याकडे जाणेही याच प्रकारात मोडते, पण ते अधिक दगडधोंड्यांचे आणि नवख्याला जड आहे. तिसरा प्रकार घाटमाथ्यावरून कड्याच्या काठाशी जाऊन धबधबा वरून पाहण्याचा; त्यात चाल सोपी वाटते आणि पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. नाणेघाटात वाऱ्याच्या जोराने पाणी उलटे वर उडते आणि ते पाहायला गर्दी होते. जो वारा अख्खी धार उलटी फिरवतो, तो काठाशी उभ्या असलेल्या माणसाचाही तोल घालवू शकतो, एवढे ध्यानात ठेवून काठापासून दोन-तीन माणसांच्या उंचीइतके लांब उभे राहावे.

२. वाट खुली आहे का, याची खात्री करून घ्या

धबधबा आंतरजालावर दिसतो म्हणजे तिथे जाण्यास परवानगी आहे, असा समज करून घेऊ नका. दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोकादायक धबधबे, धरणे आणि कडे यांच्या परिसरात ठरावीक मुदतीसाठी प्रवेशबंदीचे आदेश काढते. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. कर्जत, खालापूर, माणगाव, मावळ, मुळशी या तालुक्यांतल्या ठिकाणांची नावे अशा आदेशांत वारंवार येतात. आदेश मोडल्यास गुन्हा नोंदवला जातो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात दूरध्वनी करून विचारावे. स्थानिक वाटाड्याने ‘कोणी अडवत नाही’ असे सांगितले तरी विचारावे.

अभयारण्याचा नियम याहून वेगळा आहे. भीमाशंकर, कळसूबाई–हरिश्चंद्रगड, सुधागड, ताम्हिणी, कोयना या अभयारण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. तिथे वनविभागाच्या नाक्यावर नोंद करणे, शुल्क भरणे आणि ठरवून दिलेल्या वाटेवरच राहणे आवश्यक असते. ड्रोन उडवायला स्वतंत्र परवानगी लागते.

दूधसागरबद्दल वेगळे सांगणे भाग आहे, कारण महाराष्ट्रातून बरेच नवखे लोक तिकडे जातात. मांडवी नदीवरचा हा सुमारे ३१० मीटर उंचीचा धबधबा गोवा–कर्नाटक सीमेवर, भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात आहे. रुळांवरून चालत तिथे जाण्याची जुनी पद्धत आता पूर्णपणे बंद आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना वावरणे हा गुन्हा आहे आणि रेल्वे सुरक्षा दलाचे जवान तिथे प्रत्यक्ष कारवाई करतात. शिवाय त्या मार्गावर बोगदे आणि वळणे आहेत. पाण्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. पाऊस संपल्यावर कुळेहून वनविभागाच्या परवानगीने जीप सुरू होतात, तो रीतसर मार्ग आहे. भर पावसात दूधसागर पाहायचाच असेल, तर त्या मार्गावरच्या रेल्वेगाडीचे तिकीट काढून खिडकीतून पाहावा. माझ्या मते ते दृश्य तळाशी जाऊन पाहण्याहून कमी नाही.

३. अंदाज तुमच्या गावचा नको, घाटमाथ्याचा पाहा

सह्याद्रीचे कडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या आडव्या थरांनी बनले आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराची झीज होऊन पदर, म्हणजे कड्यामधला सपाटसा टप्पा, तयार होतो, आणि वरची माती इतकी पातळ आहे, की जोराच्या पावसाचे पाणी मुरायला जागाच नसते. कौलारू छपरावरचे पाणी जसे क्षणात पागोळ्यांवाटे खाली येते, तसे घाटमाथ्यावर पडलेले पाणी थोड्या वेळात पायथ्याच्या ओढ्यात उतरते. तुम्ही पायथ्याला उन्हात उभे असाल आणि चार-पाच किलोमीटरवर माथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडत असेल, तर तुमच्यापर्यंत पाऊस येणार नाही, पण पाणी येईल. याला गावात लोंढा म्हणतात.

म्हणून हवामान विभागाचा अंदाज पाहताना जिल्ह्याच्या नावाबरोबर ‘घाट परिसर’ असा वेगळा उल्लेख आहे का, ते शोधा; पुणे, सातारा, कोल्हापूर आणि नाशिक यांच्यासाठी तो स्वतंत्रपणे दिला जातो. रंगांचा अर्थ सोपा आहे: हिरवा म्हणजे विशेष इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला मुसळधार, ११५.६ ते २०४.४ ला अति मुसळधार आणि त्यापुढच्या पावसाला अत्यंत मुसळधार म्हटले जाते. घाटमाथ्यावर हे आकडे कागदावरचे राहत नाहीत: जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. नवख्यांसाठी माझा नियम असा आहे: नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर ट्रेक रद्द, पिवळा असेल तर ओढा ओलांडावा न लागणारे ठिकाण. गाडीचे आगाऊ पैसे गेले तरी चालतील.

आदल्या तीन दिवसांचा पाऊसही विचारात घ्या. सलग पावसाने भिजलेले उतार दरडी सोडतात. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ ला इरशाळवाडी अशाच पावसात दरडीखाली गेली. वाटेत जमिनीला ताज्या भेगा, कललेली झाडे किंवा अचानक गढूळ झालेला झरा दिसला, तर त्या उताराखालून पुढे जाऊ नका आणि गावात परतून लोकांना तसे सांगा.

४. सोबत आणि वाटाड्या

चारपेक्षा कमी आणि दहापेक्षा जास्त माणसे नकोत. चारांमधला एक जखमी झाला, तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदतीला जातात. एकट्याला कधीही धाडावे लागत नाही. दहापेक्षा जास्त झाल्यास तांडा लांबतो आणि धुक्यात मागचा माणूस ढोरवाटेला लागतो.

पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्याच. ठाकर, कातकरी, महादेव कोळी किंवा धनगर वाड्यांतली माणसे लहानपणापासून या ओढ्यांशी राहिलेली असतात. कोणता ओढा किती तासांनी उतरतो आणि कोणत्या दगडापर्यंत पाणी आले की पलीकडे जायचे नाही, हे कोणत्याही नकाशात नसते. मोबदला आणि जेवणाचे पैसे आदल्या दिवशी बोलून ठरवावेत आणि घासाघीस करू नये. वाटाड्याशी बोलताना हे प्रश्न विचारा: वाटेत ओढे किती, शेवटचा ओढा किती वाजण्यापूर्वी परत ओलांडायला हवा, आणि पाणी चढले तर दुसऱ्या बाजूने गावात यायला वाट आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पावसाळी दिवशी ते ठिकाण सोडून द्यावे.

शहरातल्या आयोजकाबरोबर जात असाल, तर त्याची पर्यटन संचालनालयाकडे साहसी उपक्रमांसाठी नोंदणी आहे का, किती जणांमागे एक जाणकार असतो, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाला आहे आणि पाऊस वाढल्यास पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, हे लेखी विचारा. पैसे परत न मिळण्याच्या अटीमुळे अनेक गट नको त्या दिवशीही पुढे रेटले जातात. एका बसमधून पन्नास जण नेणाऱ्याबरोबर देवकुंडच काय, ठोसेघरलाही जाऊ नये.

५. कागदपत्रे आणि सामान

कागदपत्रे थोडीच लागतात, पण ती भिजणार नाहीत अशा झिपच्या पिशवीत ठेवावी लागतात:

- आधार किंवा अन्य ओळखपत्राची मूळ प्रत; वनविभागाच्या नाक्यावर आणि गावच्या समितीच्या नोंदवहीत ते मागतात
- परवानगी किंवा प्रवेशशुल्काची पावती. ती परत येईपर्यंत जपावी
- एका कागदावर रक्तगट, नेहमीची औषधे, ॲलर्जी आणि घरच्यांचा क्रमांक
- गटातल्या सर्वांची नावे आणि परतीची अपेक्षित वेळ लिहिलेली यादी. तिची एक प्रत गावात आणि एक घरी

सामानात पहिला मान बुटांचा. तळाला खोल खाचा असलेले, घोट्याला धरणारे आणि पाणी बाहेर सोडणारे रबरी तळव्याचे बूट हवेत. गुळगुळीत झालेले धावण्याचे बूट, चपला आणि फ्लोटर ओल्या कातळावर टिकत नाहीत. बूट नवे असतील तर आठवडाभर रोजच्या वापरात घालून सैल करून घ्या. जीन्स नको, ती भिजली की जड होते, वाळत नाही आणि गुडघा वळू देत नाही. लवकर वाळणारी पूर्ण लांबीची विजार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. रेनकोट दोन भागांचा असावा, कारण मोठा घोळदार पोंचो कड्यावरच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि चालताना पाय कुठे पडतो ते दिसू देत नाही. छत्री गावापर्यंत ठीक.

सॅकवरचे आवरण पावसात पुरत नाही. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळे सामान तिच्यात ठेवा. त्यात कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी, पॉवर बँक, प्रथमोपचाराची पेटी, जीवरक्षक क्षारांची (ओआरएस) पाकिटे आणि एक पातळ चादर किंवा फॉइलचे पांघरूण असावे. एक काठी प्रत्येकाकडे हवीच. ओढ्यात ती तिसरा पाय होते. पावसात तहान जाणवत नाही, तरी दोन लिटर पाणी जवळ असू द्या आणि ओढ्याचे पाणी न उकळता पिऊ नका. खायला पोळीचा रोल, दाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू असे काही तरी ठेवा, जे उभ्या उभ्या आणि ओल्या हातांनी खाता येते.

ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून घ्या. घाटात नेटवर्क मिळेल असे गृहीत धरू नका.

६. वेळ अशी आखा

पायथ्याच्या गावातून सकाळी सात-साडेसातला पाऊल उचलावे. त्यासाठी गरज पडली तर आदल्या रात्री गावात मुक्काम करा. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा, सर्वांना सांगा आणि त्या वेळी धबधबा दहा मिनिटांवर असला तरी फिरा. माझ्या हिशेबाने पावसाळ्यात दुपारी एक ही शेवटची मर्यादा आहे, कारण ढगांमुळे दाट झाडीत चारलाच अंधारून येते. एसटीने जात असाल तर शेवटच्या गाडीची वेळ चालक-वाहकांनाच विचारा. घाटातल्या फेऱ्या पावसात रद्दही होतात.

७. पाऊल कुठे टाकायचे

सह्याद्रीत पावसाळ्यात घसरायला मोठा कडा लागत नाही. सर्वांत निसरडे असतात ते काळे, गुळगुळीत आणि चमकणारे कातळ, ज्यांवरून पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो. तिथे शेवाळ डोळ्याला दिसण्याआधी बुटाला कळते. खरखरीत पृष्ठभाग, मातीत रुतलेले दगड आणि गवताची मुळे यांवर पाय टाका. आडवी पडलेली ओली लाकडे आणि झाडांची उघडी मुळे यांवर पाऊल ठेवू नका, ती ओलांडून जा. उतरताना पाय पूर्ण टेकवून, गुडघे किंचित वाकवून, लहान पावलांनी उतरा. भीती वाटली तर बसून उतरा. त्यात लाज कसली?

गवत आधार म्हणून धरू नका, ते मुळासकट हातात येते. धरण्यापूर्वी हात कुठे जातो आहे ते पाहा, कारण विषारी सापांपैकी फुरसे दगडांच्या कपारीत आणि चापडा हिरव्या फांदीवर बसलेला असतो. नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, चढताना एकामागे एक सरळ रेषेत चालू नका; वरच्याच्या पायाने निसटलेला दगड खालच्यावर येतो. दगड सुटला की ‘दगड!’ असे मोठ्याने ओरडायचे, हे सर्वांनी आधीच ठरवून घ्यावे.

धुक्यात वाट हरवली असे वाटले, की थांबा. शेवटची ओळखीची खूण जिथे होती तिथवर मागे जा आणि मग शोधा. ओढ्याच्या कडेने खाली गेले की गाव लागते, हा समज सह्याद्रीत जीवघेणा आहे, कारण इथला ओढा खाली जाता जाता कड्यावरून उडी घेतो.

८. ओढा ओलांडताना

पहिल्या ओढ्याशी पोहोचलात की लगेच पाण्यात उतरू नका. पाच मिनिटे थांबा आणि पाणी पाहा. काठावर पाण्याच्या पातळीला टेकलेला एक दगड खूण म्हणून निवडा आणि त्याचे छायाचित्र वेळेसकट काढून ठेवा. परतताना तोच दगड पाणी किती चढले ते सांगेल. मग पाण्याचा रंग बघा. स्वच्छ पाण्याला तांबूस छटा येऊ लागली, पाने आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज खळखळीवरून घुमण्याकडे गेला किंवा तळाशी दगड आपटल्याचे धडधड ऐकू आले, तर वर लोंढा सुटला आहे. अशा वेळी मिनिटेच हातात असतात. जिकडे असाल त्या काठावर उंच जागी चढा, सामान मागे राहिले तरी चालेल.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ती प्रवाहाच्या मध्यभागी खडकावर उभी होती आणि पाणी दोन्ही बाजूंनी वाढत गेले. पोहता येणे अशा ठिकाणी उपयोगी पडत नाही. प्रवाहाच्या मधल्या दगडावर, तो कितीही मोठा आणि कोरडा असला तरी, बसू नये, जेवू नये आणि छायाचित्रासाठीही थांबू नये.

पाणी उतरण्याजोगे असेल तर पुढील क्रम पाळा. जागा रुंद आणि उथळ निवडा. अरुंद जागी उडी मारायचा मोह होतो, पण पाणी तिथेच खोल आणि वेगवान असते. खालच्या बाजूला काय आहे ते चालत जाऊन पाहा. खाली धबधबा, कडा किंवा पाण्यात आडवे पडलेले झाड असेल, तर तिथून ओलांडायचे नाही. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरा. बूट काढू नका. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडल्यास ती झटकून टाकता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी समोर तळाला टेकलेली, आणि एका वेळी एकच पाय हलवून बाजूला सरकत जायचे. पाय फरपटत न्या, दगडावरून दगडावर उड्या मारू नका. गटाने ओलांडताना तीन-चार जणांनी एकमेकांचे खांदे घट्ट धरून, सर्वांत दणकट माणूस वरच्या बाजूला ठेवून, एकत्र सरकावे. दोरी कोणाच्याही कमरेला बांधू नका: पाय निसटल्यावर बांधलेली दोरी माणसाला पाण्याखाली दाबून धरते.

परतताना पाणी चढलेले दिसले तर काय करायचे? थांबायचे. ओढे जसे झपाट्याने चढतात, तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही. उंच, दरड न पडणारी जागा शोधा, कोरडे कपडे घाला, खा, शिट्टी आणि विजेरी हाताशी ठेवा. रात्र काढावी लागली तरी ती काढता येते. सॅकमधल्या कोरड्या जोडाचा आणि पांघरुणाचा उपयोग अशा वेळीच होतो. कामावर जायचे आहे, गाडीवाला थांबणार नाही, घरचे वाट पाहत असतील, या कारणांनी पाण्यात पाऊल पडते. गावात दिलेली यादी आणि घरी सांगितलेली वेळ असेल, तर शोध घेणारे तुमच्याकडे येतील.

धरणाखालच्या नदीला आणखी एक गोष्ट लागू होते. पावसाचा थेंब नसतानाही विसर्गामुळे पाणी वाढते. भोंगा ऐकू आला की तत्काळ पात्राबाहेर पडा.

९. धबधब्यापाशी पोहोचल्यावर

थेट धारेखाली उभे राहू नका. पाण्याबरोबर मुठीएवढे दगडही येतात आणि उंचावरून येताना ते दिसत नाहीत. कुंडात उतरायचे का, हा निर्णय वाटाड्याचा असू द्या. पडणारे पाणी कुंडात खाली ओढणारे भोवरे तयार करते, कपारीत जाळ्यात सापडल्यासारखा माणूस अडकतो, आणि पृष्ठभागावर फेस असलेल्या पाण्यात पोहणाऱ्याला तरंगायला पुरेसा आधार मिळत नाही. देवकुंडासारख्या खोल कुंडात काठाच्या उथळ भागापलीकडे जाऊ नये. मद्य घेतलेला माणूस सोबत असेल, तर त्या दिवशी पाण्याजवळ जाऊच नका.

वरून पाहत असाल तर काठावरचे गवत आणि माती कड्याबाहेर लोंबत असू शकते, हे लक्षात घ्या. पायाखाली खडक आहे की हवा, हे वर उभ्या असलेल्याला कळत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत पडून मरण पावली. कॅमेरा डोळ्याशी असताना एकही पाऊल हलवायचे नाही, हा नियम आधी ठरवून घ्या आणि गटातल्या प्रत्येकाकडून पाळून घ्या.

थांबा अर्ध्या-पाऊण तासाचा पुरे. तेवढ्यात जेवण होते आणि अंग थंड पडायच्या आत चालायला लागता येते. ओल्या कपड्यांत वाऱ्यावर बसलेला माणूस थरथरू लागला, बोलताना अडखळू लागला किंवा एकदम गप्प झाला, तर त्याला आडोशाला नेऊन ओले कपडे काढा, कोरडे घाला आणि गोड खायला द्या. दारू देऊ नका.

१०. जळवा आणि साप

आंबोली, कोयना, भीमाशंकर या दाट जंगलांत जळवा असतात. विजार मोज्यांत खोचा, मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावा आणि थांबल्यावर पाय तपासा. लागलेली जळू ओढू नका. नखाने तिचे तोंड बाजूने सरकवून काढा. नंतर बराच वेळ रक्त वाहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. स्वच्छ फडके दाबून धरले की थांबते.

सर्पदंश झाल्यास जागा कापू नका, चोखू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका. अंगठी, कडे, पैंजण काढा, दंश झालेला अवयव हलणार नाही असा बांधा आणि रुग्णाला शक्यतो चालायला न लावता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

११. अपघात झाला तर

आधी स्वतः सुरक्षित जागी या, मग जखमीकडे जा. वाहून जाणाऱ्यामागे पाण्यात उडी मारू नका; काठी, दोरी किंवा एकमेकांना बांधलेल्या ओढण्या त्याच्याकडे फेका. कड्यावरून पडलेल्या माणसाची मान आणि पाठ हलवू नका. दोघांना सोबत गावाकडे किंवा नेटवर्क मिळेल अशा उंच जागी पाठवा आणि ११२ वर संपर्क करा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. सांगताना आधी गावाचे आणि तालुक्याचे नाव, मग वाटेतले शेवटचे ठिकाण, जखमींची संख्या, अवस्था आणि शक्य असल्यास नकाशावरचे अक्षांश-रेखांश सांगा. महाराष्ट्रात डोंगरी बचावकार्य बहुतांशी स्वयंसेवी गिर्यारोहकच करतात. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था पोलीस आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेबरोबर काम करतात आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर त्यांच्यात समन्वय साधते. त्या भागातल्या पथकाचा क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा. पथक येईपर्यंत काही तास लागतात, तेवढा वेळ जखमीला कोरडे आणि उबदार ठेवणे हे तुमचे काम.

१२. परतल्यावर

गावात पोहोचलात की यादी दिलेल्या घरी जाऊन सगळे परत आल्याचे सांगा, नाही तर रात्री शोध सुरू होतो. कचरा गावच्या उकिरड्यावर न टाकता शहरात परत न्या. वाडीत तो उचलायला कोणी येत नाही.

घरी आल्यावर पायाच्या जखमा आणि खरचटलेल्या जागा साबणाने धुवा. पावसाळी चिखलातून आणि साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो, आणि कोकणात तो दर पावसाळ्यात आढळतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि कोणत्या तारखेला, कोणत्या भागात, ओढ्याच्या पाण्यातून चालला होतात, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आधी सांगा.